पुसण्यापूर्वी वाचा

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची कोठीची खोली आवरण्याचे काम दरवर्षी निघते. २०२३ च्या मे महिन्यात ते काम आम्हा काही माजी विद्यार्थ्यांकडे आले. मोडकी बाके, फाटके नकाशे, गंजलेले तराजू असे बरेच काही निघाले. त्यातच एक पुठ्ठ्याचे खोके होते. खोक्यात ८०८५ प्रोसेसरचा एक उघडा बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, रिले, वायरींचा गुंता आणि काळ्या स्पंजात टोचून ठेवलेल्या काही चिप होत्या. जुन्या वाचकांना आठवत असेल, आपल्या शाळेची घंटा मधल्या काळात बरीच वर्षे आपोआप वाजत असे. ती वाजवणारे यंत्र ते हेच.

हे यंत्र आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने १९८७ साली करून दिले होते. आपले शहर हैदराबाद. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी १९६७ पासून इथे आहे, आणि या क्षेत्रातल्या लहानमोठ्या कारखान्यांत नोकरी करणारी माणसे आपल्या समाजात पूर्वीपासून आहेत. हे गृहस्थ अशाच एका कारखान्यात होते. साहेबांची परवानगी काढून, कामाची वेळ संपल्यावर त्यांनी घंटेचा प्रोग्रॅम तिथल्या डेव्हलपमेंट सिस्टमवर लिहिला, चिपमध्ये भरला आणि शाळेला दिला. ते आज हयात नाहीत.

खोके ओलसर होते. कोठीतल्या वस्तूंना ऊन दाखवावे ही आपल्या घरची रीत. आम्ही बोर्ड पुसला आणि गच्चीवर ठेवला. सुट्टीचे दिवस असल्याने तो तिथे आठ-दहा दिवस तसाच राहिला. बोर्डावरच्या चिपला मधोमध एक गोल काचेची खिडकी असते. तिच्यावर चिकटवलेला कागद गोंद सुकल्याने गळून पडला होता, तिकडे आमचे लक्ष गेले नाही. पुढे एका तरुण माजी विद्यार्थ्याने लॅपटॉपला जोडायचा लहान प्रोग्रॅमर आणून ती चिप वाचली. २०४८ जागांपैकी प्रत्येक जागी एकच उत्तर आले : एफएफ. म्हणजे चिप कोरी होती.

ती आमच्या उन्हाने कोरी झाली की आधीच झाली होती, हे आता सिद्ध करता येणार नाही. कारण ऊन दाखवण्यापूर्वी आम्ही ती वाचलीच नव्हती. या लेखात आम्हांला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पण ते नीट समजावे म्हणून ही चिप कशी भरतात आणि कशी पुसली जाते हे थोडे सांगायला हवे.

विद्यार्थ्यांसाठी सोपे करून सांगतो. संगणकाच्या रॅममध्ये लिहिलेले पाटीवरच्या अक्षरासारखे असते. वीज गेली की पाटी पुसली. कारखान्यातच कायमचे कोरून आलेले रॉम म्हणजे ताम्रपट. चूक राहिली तर नवाच ताम्रपट करावा लागतो. या दोहोंच्या मधली वस्तू म्हणजे ईप्रॉम. वीज गेली तरी तिच्यातले लिखाण राहते आणि गरज पडल्यास पुसताही येते. १९७१ साली इंटेल कंपनीतील डॉव्ह फ्रोमन या अभियंत्याने ती शोधून काढली. दुसऱ्याच एका चिपमधला दोष शोधत असताना त्याला ही कल्पना सुचली. पहिल्या १७०२ या चिपमध्ये अवघी २५६ अक्षरे मावत. आपल्या घंटेच्या यंत्रात आहे ती २७१६. ती १९७७ सालची आणि तिच्यात २०४८ अक्षरे मावतात.

या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी सिलिकॉनचा एक बारीकसा कप्पा असतो. तो चारी बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेला असतो. त्याला कुठलीच तार जोडलेली नसते. २५ व्होल्टचा दाब दिला की काही इलेक्ट्रॉन जोरात येऊन ते कवच ओलांडतात आणि आत अडकून बसतात. कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकले तर बिट शून्य, नाही तर एक. कोरी चिप म्हणजे सगळे एक. एकाचा शून्य विजेने करता येतो, पण शून्याचा पुन्हा एक विजेने करता येत नाही. त्यासाठी काचेच्या खिडकीतून अतिनील किरण पाडावे लागतात. त्यांच्या उर्जेने अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात. खास दिव्याखाली या कामाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मात्र एखादे चुकलेले अक्षर तेवढे पुसता येत नाही, अख्खी चिपच पुसली जाते. २७१६ च्या माहितीपत्रकात इंटेलने स्पष्ट लिहिले होते की थेट उन्हात ही चिप साधारण आठवड्याभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत पुसली जाऊ शकते. म्हणूनच खिडकीवर अपारदर्शक कागद चिकटवायचा असतो.

आता डेव्हलपमेंट सिस्टमविषयी. इंटेलचा ८०८० प्रोसेसर १९७४ साली आला, ८०८५ त्यानंतर दोन वर्षांनी. हे प्रोसेसर ज्या यंत्रांत बसवायचे त्यांना ना कळफलक ना पडदा. आपल्या घंटेलाही नव्हता. मग त्यांचा प्रोग्रॅम लिहायचा कुठे? त्यासाठी इंटेलने इंटेलेक नावाची वेगळी यंत्रे विकायला काढली. त्यांतले १९७५ चे इंटेलेक एमडीएस म्हणजे एक जड निळी पेटी, आत ८०८० प्रोसेसर, शेजारी आठ इंची फ्लॉपीचे ड्राइव्ह आणि आयसिस नावाची कार्यप्रणाली. एका साध्या फ्लॉपीत सुमारे अडीच लाख अक्षरे मावत. आज फोनवरच्या एका फोटोलाही तेवढी जागा पुरत नाही.

आमच्यापैकी दोघांनी नोकरीत असताना अशा यंत्रावर काम केले आहे. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा. मग तो फ्लॉपीवर उतरवायचा, असेंब्लरमधून काढायचा, चुका दुरुस्त करायच्या. शेवटी यंत्राला जोडलेल्या यूपीपी म्हणजे युनिव्हर्सल प्रॉम प्रोग्रॅमर या पेटीत कोरी चिप बसवायची. चिपची प्रत्येक जात वेगळी. कुणाला २५ व्होल्ट लागतात, कुणाला २१, तर कुणाला साडेबारा. चुकीचा दाब दिला की चिप गेलीच. म्हणून प्रत्येक जातीसाठी पेटीत वेगळे कार्ड बसवत. त्याला नावही छान होते, पर्सनॅलिटी कार्ड. कार्ड म्हणजे त्या चिपचा स्वभाव जाणणारा मध्यस्थच!

चिप भरण्याचा क्रम ठरलेला असे आणि तो कोणी मोडत नसे. प्रथम चिप खरोखर कोरी आहे ना ते तपासायचे. मग भरायची. एका अक्षराला ५० मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण २७१६ ला सुमारे १०२ सेकंद. मग भरलेले पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहायचे. आणि शेवटी सगळ्या अक्षरांची बेरीज काढून ती, तारीख आणि प्रोग्रॅमचे नाव खिडकीवरच्या कागदावर लिहायचे. एक अल्पविराम चुकला तरी चिप दिव्याखाली, वीस मिनिटे थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून. शिवाय यंत्र एक आणि रांगेत माणसे पाच. त्यामुळे आपली पाळी येण्याआधी प्रत्येकजण आपला कागद दोनदा तपासून ठेवत असे.

खोक्यातल्या काळ्या स्पंजात आणखी एक चिप होती. तिच्यावरचा कागद शाबूत होता. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘घंटा २’, खाली १९८७ च्या जूनमधली तारीख आणि हेक्स म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत बेरीज, ४ए९१. या वेळी आम्ही शहाणपणा केला. कागद न काढता चिप वाचली आणि बेरीज केली. चारही अंक जुळले. इतक्या वर्षांत एकही अक्षर हललेले नव्हते. कोऱ्या चिपची बेरीज अशीच केली तर एफ८०० येते, हे मुलांनी हिशेब करून पाहावे. २०४८ गुणिले २५५ करा, हेक्समध्ये मांडा आणि शेवटची चार घरे घ्या.

पण ही आवृत्ती दुसरी. बोर्डावर होती ती चौथी. शनिवारची सकाळची शाळा आणि परीक्षेचे वेळापत्रक पुढे घातले गेले होते, असे तेव्हाचे शिक्षक सांगतात. ते गेले. आणि वाचलेल्या चिपमध्येही आहे ते केवळ यंत्राच्या भाषेतले. प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक ओळीपुढे ‘हे इथे का केले’ अशी टीप लिहिता येते. ती टीप चिपमध्ये जात नाही, फ्लॉपीवरच राहते. फ्लॉपी त्या कारखान्यातल्या यंत्राबरोबर कधीच भंगारात गेली असणार.

तरीही मुलांना सोबत घेऊन आम्ही तो प्रोग्रॅम वाचायला बसलो. ८०८५ च्या आज्ञांचा तक्ता समोर ठेवला. ३ई म्हणजे पुढचा अंक ॲक्युम्युलेटरमध्ये घे, सीडी म्हणजे त्या पत्त्यावर जाऊन काम करून परत ये, सी३ म्हणजे तिकडेच उडी मार. दोन दुपारी गेल्या. एका जागी आकड्यांची रांग लागली आणि नववीतली एक मुलगी एकदम म्हणाली, ‘‘काका, हे तर वेळापत्रक आहे!’’ खरेच होते. ०७ ३०, ०८ १०, ०८ ५० असे तास ओळीने मांडलेले होते. लेखकाने वेळा दशमान पद्धतीतच ठेवल्या होत्या, म्हणून त्या नुसत्या डोळ्यांनी वाचता येत होत्या.

एक आकडा मात्र अडला. मधली सुट्टी १०.३० ते १०.५०, असे त्या वर्षीच्या छापील वेळापत्रकात आहे. चिपमध्ये होते १० ५२. चूक म्हणावी तर बेरीज जुळलेली. चाळीस-चाळीस मिनिटांचे तास बिनचूक मांडणारा माणूस इथेच कसा चुकेल? आम्ही बराच काथ्याकूट केला. शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या सेवक मामांना विचारले. मामा हसले. म्हणाले, ‘‘तेव्हा पाण्याचा नळ एकच होता. लहान पोरांची पाळी शेवटी यायची. त्यांनी मला विचारलं होतं, किती वेळ कमी पडतो. मी म्हटलं, दोन मिनिटं.’’

मामा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आणखी दोन-चार वर्षांनी विचारायला गेलो असतो तर उत्तर मिळाले असते का, कोण जाणे.

या अनुभवानंतर आमचे मत पक्के झाले आहे आणि ते स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. कोठीतली जुनी यंत्रे भंगारात देऊन जागा मोकळी करावी, असे काही पालकांचे म्हणणे आहे. ती काचेच्या कपाटात मांडून वर फलक लावावा, असे दुसऱ्या काहींचे म्हणणे. आम्हांला दोन्ही पुरेसे वाटत नाही. भंगारात दिले तर वस्तू जाते. नुसते कपाटात ठेवले तर वस्तू राहते आणि तिच्यातला मजकूर हळूहळू निघून जातो, कारण कप्प्यातले इलेक्ट्रॉन फलक वाचत नाहीत. आधी वाचावे, नक्कल करावी, ती ताडून पाहावी, जाणकार माणसाला अर्थ विचारून लिहून ठेवावा. मग वस्तूचे काय करायचे ते खुशाल ठरवावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग राज्यात होता. त्या भागातून आलेल्या कुटुंबांत तर जमिनीचे, देण्याघेण्याचे कागद हमखास सापडतात. कागद शाबूत आहेत, शाईही टिकली आहे, वाचणारा नाही. घंटेच्या चिपचेही नेमके असेच झाले. तिच्यातली अक्षरे टिकली होती, अर्थ मात्र मामांपाशी होता. दोन्ही एकत्र आली म्हणून ते दोन मिनिटांचे कोडे सुटले.

‘‘आजच्या मुलांना याचा काय उपयोग? त्यांना पायथॉन शिकवा,’’ असे एका पालकांनी आम्हांला सुनावले. पायथॉन जरूर शिकवावी, आमचा विरोध नाही. जुने दिवस चांगले होते असेही आम्ही म्हणत नाही. वीस-वीस मिनिटे दिव्यापुढे ताटकळणे काही सुखाचे नव्हते. पण आजच्या साधनांत चूक फुकट असते. चालवून बघ, चुकले तर बदल, पुन्हा चालव. ही सोय मोठी आहे, मात्र तिने आधी विचार करण्याची सवय लागत नाही. वर्षातून एकदा नववीच्या मुलांनी एक चिप स्वतः पुसून, भरून, ताडून पाहिली तर ‘कोरे आहे का ते बघ, भर, पुन्हा वाच, बेरीज लिही’ हा क्रम त्यांच्या हाडीमाशी खिळेल. तो पुढे बँकेत, दवाखान्यात, कुठेही उपयोगी पडणारा आहे.

पालकांसाठीही यात एक गोष्ट आहे. आपल्या पेन ड्राइव्हमधली आणि मेमरी कार्डातली फ्लॅश मेमरी म्हणजे याच कल्पनेची पुढची पिढी. ती तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. तिला खिडकी नाही, पुसायला ऊन लागत नाही. पण विजेचा भार कोंडून ठेवण्याचे तत्त्व तेच आणि तो भार वर्षानुवर्षांत झिरपतो हेही तेच. मुलाच्या बारशाचे फोटो एका पेन ड्राइव्हवर घालून तो कपाटात टाकून दिला म्हणजे ते जन्मभर राहिले, असे कृपया समजू नये. दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात, अधूनमधून उघडून पाहाव्यात आणि फोटोत कोण आहे ते लिहून ठेवावे. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे.

शाळेपुढे आम्ही काही सूचना ठेवत आहोत. कोठीतील कोणतीही मेमरी, फ्लॉपी किंवा कॅसेट वाचून झाल्याखेरीज भंगारात जाऊ नये. वाचलेला मजकूर दोन ठिकाणी साठवावा आणि शक्य तिथे कागदावर छापावा. घंटेचा अख्खा प्रोग्रॅम जेमतेम चार पानांत बसला. प्रत्येक चिपच्या खिडकीवर नवा काळा कागद लावून नाव, तारीख आणि बेरीज लिहावी. कोणाकडे जुना ईप्रॉम प्रोग्रॅमर चालू स्थितीत असेल तर त्यांनी तो शाळेला द्यावा. आजचे अनेक स्वस्त प्रोग्रॅमर २७१६ वाचतात, पण तिला लागणारे २५ व्होल्ट देऊ शकत नाहीत. त्यामुळे भरण्यासाठी अजूनही जुनेच यंत्र कामी येते. आणि एक सावधगिरी : चिप पुसण्याच्या दिव्याचे किरण डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असतात. तो दिवा बंद पेटीतच आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच लावला जावा.

‘घंटा २’ ची नवी प्रत आम्ही एका जुन्या प्रोग्रॅमरवर करून घेतली आहे. यंत्र दुरुस्त करून येत्या विज्ञान प्रदर्शनात लावण्याचा विचार आहे. शाळेत आता नळ पुष्कळ झाले. वेळापत्रक जुळावे म्हणून ते ५२ बदलून ५० करावे का, असे मुलांनी विचारले. आमच्यात यावर मतभेद झाले. शेवटी ५२ तसेच ठेवायचे आणि मामांनी सांगितलेले कारण यंत्राशेजारी कागदावर लिहून लावायचे असे ठरले.

‘घंटा ४’ ची प्रत, त्या प्रोग्रॅमचा छापील कागद किंवा १९८७ नंतरच्या घंटेची काही आठवण कोणाकडे असल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. कागद मिळाला तर उत्तमच. नुसती आठवण असली तरी यावे, आम्ही लिहून घेऊ.